मुलगा स्वतःला मालक म्हणवतो, मग रोज रात्री चिडलेला का असतो?

प्रश्न : मी विडी कामगार आहे आणि सोलापुरात विडी घरकुल भागात राहते. माझ्या सांगण्यावरून हे पत्र माझी मुलगी लिहीत आहे. माझा मुलगा 24 वर्षांचा असून बी.कॉम. झाला आहे. तो एका दुकानात हिशेब लिहीत होता. ते सोडून आता तो मोबाइलवरच्या अ‍ॅपवर येणाऱ्या जेवणाच्या ऑर्डर घरोघरी पोहोचवतो. कोणी विचारले तर ‘मी माझा मालक आहे, मला साहेब नाही’ असे सांगतो; पण रात्री साडेअकरा-बाराला घरी आला की कोणाशी बोलत नाही आणि जेवतानाही मोबाइलमधले आकडे बघून चिडतो. मागच्या पावसाळ्यात गाडी घसरून त्याचे मनगट मोडले. त्या वेळी ‘ऑर्डर चालू नव्हती’ म्हणून कंपनीकडून काही मिळाले नाही. पुढे एका गिऱ्हाइकाच्या तक्रारीवरून त्याचा अ‍ॅपवरचा आयडी काही दिवस बंद होता. माझा भाऊ टॉवेलच्या कारखान्यात आहे आणि मुलाला तिथे बारा तासांच्या पाळीवर लावून देतो म्हणतो. मुलगा ते ऐकत नाही; उलट नवी गाडी घेण्यासाठी माझ्या प्रॉव्हिडंट फंडातून पैसे मागतो. हे काम खरोखर वाईट आहे, की माझ्या मुलाला कष्ट नकोत? मी काय करावे?

उत्तर : ताई, नमस्कार.

कष्टांबद्दलचा तुमचा प्रश्न आधी घेते, कारण तोच तुम्हाला सर्वांत जास्त खात असावा असे पत्रावरून वाटते. तुमचा मुलगा कष्टांना कंटाळलेला नाही. सोलापुरात मे महिन्यात पारा 43-44 अंशांवर गेलेला असताना भर दुपारी पाठीवर पेटी अडकवून होटगी रोडवरून विजापूर रोडला आणि तिथून जुळे सोलापूरला जाणाऱ्या माणसाला आळशी म्हणता येणार नाही. ‘मी माझा मालक’ असे तो म्हणतो तेही खरे आहे आणि रात्री त्याचा जीव त्रासलेला असतो तेही खरे आहे. सात रस्ता आणि पार्क चौक भागात ऑर्डरची वाट बघत थांबलेल्या मुलांशी मी जेव्हा जेव्हा बोलले आहे, तेव्हा बहुतेकांनी या दोन्ही गोष्टी एकाच दमात सांगितल्या आहेत, आणि त्यात आपण काही उलटसुलट बोलतो आहोत असे त्यांना स्वतःला वाटत नाही. तुम्हीही त्याच्या बोलण्यातला खोटेपणा शोधू नका. या कामाचा एक भाग त्याच्या हातात आहे आणि दुसरा अजिबात नाही, हे लक्षात घेतले की त्याचे वागणे समजू लागेल.

त्याच्या हातात काय आहे ते पाहू. आपल्या शहरात नळाला रोज पाणी येत नाही, आणि ज्या दिवशी येते त्या दिवशी घरातले एक माणूस पाण्यापायी अडकून पडते, हे तुम्हाला सांगायला नको. दुकानात असताना त्याला अशा दिवशी रजा मागावी लागली असेल आणि वर दोन शब्द ऐकून घ्यावे लागले असतील. आता तो लॉगआउट करतो, पिंप भरून देतो आणि पुन्हा रस्त्यावर जातो. कोणाची परवानगी लागत नाही की कोणाला कारण सांगावे लागत नाही. हे काम मिळवायला त्याला ओळख लागली नाही, कोणाच्या पाया पडावे लागले नाही, आणि पैसे आठवड्याच्या आठवड्याला खात्यावर जमा होतात. त्याच्या वयाची कितीतरी मुले अशाच कामासाठी पुण्याला जाऊन एका खोलीत सहा-सात जण राहतात. तुमचा मुलगा निदान रात्री घरी येऊन तुमच्या हातची भाकरी खातो. ज्याने पगारासाठी शेठजींच्या तोंडाकडे बघत दिवस काढले आहेत, त्याला ही मोकळीक लहान वाटत नाही. म्हणून घरात कोणी ‘असले काम सोड’ म्हणाले की तो खवळत असणार, कारण त्याने स्वतः मिळवलेली एकमेव गोष्ट कोणीतरी काढून घेत आहे असे त्याला वाटते.

मात्र ही मोकळीक लॉगिन करावे की नाही एवढ्यापुरतीच आहे. एकदा लॉगिन केले की कोणती ऑर्डर त्याच्याकडे येणार, तिचे किती पैसे मिळणार, ती किती मिनिटांत पोहोचली पाहिजे आणि इन्सेंटिव्ह, म्हणजे वरचे पैसे, कोणत्या टप्प्यावर लागणार, हे सगळे अ‍ॅप ठरवते, आणि ते आठवड्यागणिक बदलूही शकते. नवी पेठेतल्या एखाद्या हॉटेलसमोर थोडा वेळ उभे राहून पाहिले तर हे डोळ्यांना दिसते. मुलगा वेळेत येऊन पोहोचलेला असतो, ऑर्डर अजून कढईत असते, काउंटरवरचा माणूस ‘पाच मिनिटे’ म्हणून आत जातो आणि वीस मिनिटे बाहेर येत नाही. त्या वीस मिनिटांचे पुरेसे पैसे बहुधा कोणीच देत नाही. शेवटी डबा हातात पडतो तेव्हा गिऱ्हाइकाच्या मोबाइलवर उशीर दिसत असतो, आणि दारात बोलणी खाण्याची पाळी हॉटेलवाल्यावर येत नाही, या मुलावर येते. पाऊस असेल तर मोबाइल प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला असतो, ओल्या बोटाने स्क्रीन चालत नाही, नकाशा भलतीच गल्ली दाखवतो आणि गिऱ्हाईक फोन उचलत नाही. शहराच्या टोकाला ऑर्डर देऊन रिकाम्या पेटीने परत यायचे पेट्रोल त्याच्या स्वतःच्या खिशातून जाते. मुलांच्या तक्रारींत मला वारंवार ऐकू येतात त्या याच तीन गोष्टी: वाट बघण्याचा वेळ, परतीचा रस्ता, आणि ज्याच्याशी बोलता येईल असा माणूस समोर नसणे. सपोर्टच्या चॅटवर ठरावीक उत्तरे येतात आणि तक्रार ‘बंद’ झाल्याचे दाखवले जाते.

रात्री जेवताना तो जे आकडे बघतो, ते बहुधा इन्सेंटिव्हचे असतात. दिवसभराच्या ठरावीक ऑर्डरींचा टप्पा गाठला तर वरचे पैसे मिळतात, आणि टप्प्याला दोन ऑर्डर कमी पडल्या तर त्या वरच्या पैशांतला एक रुपयाही मिळत नाही, अशी ही रचना पुष्कळ ठिकाणी असते. रात्री दहा वाजता दोन ऑर्डर कमी असलेला मुलगा घरी येऊ शकत नाही आणि ऑर्डर तर पडत नाही. त्यातून तो बारा वाजता हात हलवत परत आला, तर त्याला त्या क्षणी ‘एवढा उशीर का’ असे विचारू नका. तो प्रश्न तो स्वतःलाच तासभर विचारत आलेला असतो.

ताई, हे सगळे समजून घ्यायला तुमच्याइतके योग्य माणूस त्याच्या आसपास दुसरे कोणी नाही, असे मला मनापासून वाटते. तुम्ही पान आणि तंबाखू घरी आणता, तुमच्या वेळेने विड्या वळता, दर हजार विड्यांमागे मजुरी घेता, आणि कारखान्यात माल देताना त्यातून छाट, म्हणजे नापसंत विड्या, बाजूला काढली जाते. विडी कारखानदारही एके काळी हेच म्हणत होते: बाई तिच्या घरी, तिच्या सवडीने काम करते, आम्ही तिच्यावर देखरेख ठेवत नाही, घरातले इतर लोकही तिला हातभार लावतात, मग ती आमची कामगार कशी? 1966 च्या विडी व सिगार कामगार कायद्याने घरी बसून विड्या वळणाऱ्या बाईलाही कामगार मानले, कारखानदार त्याविरुद्ध न्यायालयात गेले, आणि 1974 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो कायदा कायम ठेवला. पुढे प्रॉव्हिडंट फंडाचा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला. 1985 मधल्या त्या निकालात न्यायालयाने जे पाहिले ते मला फार महत्त्वाचे वाटते: कच्चा माल कारखानदार देतो, तयार विड्या त्यालाच परत द्याव्या लागतात आणि त्यातल्या नापसंत विड्या नाकारण्याचा अधिकार त्याच्याकडे असतो, मग मुकादम शेजारी बसलेला नसला तरी देखरेख आणि ताबा त्याचाच आहे. तुमच्या ज्या फंडातून मुलगा पैसे मागतो आहे, त्या फंडावरचा तुमचा हक्क या निकालामुळे पक्का झाला. ज्या छाटीवरून तुम्ही आयुष्यभर भांडलात, तीच छाट तुम्ही कामगार असल्याचा पुरावा ठरली.

आता मुलाच्या मोबाइलवरचे रेटिंग बघा. गिऱ्हाइकाने दिलेले तारे, उशिराची नोंद, नाकारलेल्या ऑर्डरी आणि शेवटी आयडी बंद होणे, ही त्याच्या कामाची छाटच आहे. फरक एवढाच की तुमची छाट तुमच्या डोळ्यांसमोर बाजूला काढली जाते, तुम्ही ती विडी हातात घेऊन ‘हिच्यात काय वाईट आहे’ असे मुनिमाला विचारू शकता. त्याला मात्र कोणत्या गिऱ्हाइकाने काय म्हटले हेही अनेकदा कळत नाही. त्याचा आयडी बंद होता त्या दिवसांत त्याच्या मनाची अवस्था काय झाली असेल, याची कल्पना तुम्हाला माझ्यापेक्षा चांगली येईल. एखाद्या निवांत वेळी त्याला छाटीचे अनुभव सांगा. उपदेश म्हणून सांगू नका. आपली आईही हेच भोगून आली आहे हे त्याला एकदा कळू द्या.

कायद्याने त्याला अजून तुमच्याएवढे दिलेले नाही, हेही स्पष्टपणे सांगायला हवे. सामाजिक सुरक्षा संहिता 2020 मध्ये संमत झाली आणि 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झाली. तिच्यात ‘गिग कामगार’ आणि ‘प्लॅटफॉर्म कामगार’ (अ‍ॅपवरून मिळणारे काम करणारे) यांची नावे देशाच्या कायद्यात पहिल्यांदा आली, पण त्यांची व्याख्याच मुळी नेहमीच्या मालक-नोकर नात्याच्या बाहेर काम करणारे अशी केलेली आहे. म्हणजे किमान वेतन, भरपगारी रजा, नोटीस न देता कामावरून काढण्याविरुद्ध दाद, या गोष्टी त्या संहितेतून त्याला मिळत नाहीत. मिळणार आहे ते एका निधीतून: कंपन्यांनी आपल्या वार्षिक उलाढालीच्या 1 ते 2 टक्के रक्कम, कामगारांना दिलेल्या एकूण पैशांच्या 5 टक्क्यांच्या मर्यादेत, सामाजिक सुरक्षेसाठी द्यायची आणि त्यातून अपघात, आरोग्य, वृद्धापकाळ अशा योजना चालवायच्या. डिसेंबर 2025 च्या अखेरीस प्रसिद्ध झालेल्या केंद्राच्या मसुदा नियमांत या लाभासाठी वर्षात एका कंपनीकडे किमान 90 दिवस, किंवा एकाहून अधिक कंपन्यांकडे मिळून 120 दिवस काम केलेले असावे अशी अट घातलेली होती. म्हणून त्याने आपल्या कामाच्या दिवसांचा पुरावा आजपासूनच सांभाळायला हवा.

आपल्या शेजारच्या कर्नाटकाने 2025 मध्ये या कामगारांसाठी वेगळा कायदा केला. त्यात सामान्यतः 14 दिवसांची नोटीस आणि लेखी कारण दिल्याशिवाय काम बंद करता येत नाही. त्याआधी 2023 मध्ये राजस्थानने देशातला असा पहिला कायदा केला होता. विजयपूर आणि कलबुर्गीच्या मुलांना कागदावर का होईना जे संरक्षण आहे, ते सोलापूरच्या मुलांना का नसावे, हा प्रश्न आपल्या आमदार-खासदारांना विचारायला हरकत नाही, आणि या शहरात तो विचारला गेला तर त्यात काही नवल नाही. कामगारांच्या मागण्यांसाठी मोर्चे काढण्याची इथे जुनी रीत आहे आणि सोलापूरजवळच्या कुंभारीची घरकुले उभी आहेत ती विडी कामगार बायकांच्या लढ्यामुळेच. डिसेंबर 2025 मध्ये देशभरात डिलिव्हरी कामगारांनी ऐन नाताळच्या आणि वर्षाअखेरीच्या गर्दीत संप पुकारला, आणि पुढच्याच महिन्यात केंद्रीय कामगार मंत्रालयाने लक्ष घातल्यावर ‘दहा मिनिटांत घरपोच’ ही जाहिरात मागे घेतली जाऊ लागली. एकट्याच्या चॅटला जे उत्तर मिळाले नसते, ते अनेकांनी मिळून अ‍ॅप बंद ठेवल्यावर मिळाले. तुमच्या मुलाला युनियनमध्ये जा असे मी इथून सांगणार नाही, तो निर्णय त्याचा आहे. पण आपल्या झोनमधल्या मुलांशी त्याने संबंध ठेवावा, कारण इन्सेंटिव्ह सगळ्यांचा बदलला की फक्त आपलाच, हे कळायलाही चार माणसे लागतात.

तुमच्या भावाच्या कारखान्याबद्दल. भाऊ चांगल्या हेतूने बोलत आहेत यात शंका नाही, पण ‘कारखाना म्हणजे पक्की नोकरी’ हे सोलापुरात प्रत्येक ठिकाणी खरे नसते. त्यांना चार गोष्टी विचारा. मुलाचे नाव हजेरीपटावर लागेल का? पहिल्या महिन्यापासून प्रॉव्हिडंट फंड कापला जाईल आणि मालकाचा वाटा भरला जाईल का? ईएसआयचे, म्हणजे कामगार विम्याचे, कार्ड मिळेल का? आणि बारा तासांपैकी आठ तासांपुढचे चार तास ओव्हरटाइम म्हणून दुप्पट दराने धरले जातील का? चारही उत्तरे ‘हो’ असतील तर ते काम खरोखर विचार करण्यासारखे आहे, आणि मनगट मोडल्यावर घरी बसावे लागले तेव्हा ईएसआय असते तर काय झाले असते, हे मुलालाही समजेल. उत्तरे गोलमाल असतील, तर तिथेही हाच बिनभरवशाचा कारभार आहे, वर पाण्याच्या दिवशी घरी थांबण्याची सोयही नाही. अशा कामासाठी त्याच्यावर जबरदस्ती करू नका.

निर्णय कोणताही होवो, आधी हिशेब झाला पाहिजे, आणि तुमचा मुलगा तर बी.कॉम. आहे. अ‍ॅपवर दिसते ती कमाई नव्हे, ती जमा आहे. त्याला एक साधी वही घालायला सांगा. रोज सकाळी आणि रात्री गाडीचे किलोमीटर, लॉगिनचे तास, ऑर्डरींची संख्या, खात्यावर आलेले पैसे आणि पेट्रोल, एवढे लिहायला दोन मिनिटे पुरतात. समजा गाडी दिवसाला 100 किलोमीटर फिरते आणि लिटरला 45 चे अ‍ॅव्हरेज देते, तर सव्वादोन लिटरच्या आसपास पेट्रोल जाते. लिटरचा भाव शंभराच्या वर धरला तर सव्वादोनशे रुपयांहून अधिक रोज निव्वळ पेट्रोललाच गेले. त्यावर ऑइल, टायर, चेन-स्प्रॉकेट, ब्रेक, मोबाइलचा रिचार्ज आणि गाडीचा विमा महिन्याच्या हिशेबात वाटून धरावा. उरलेल्या रकमेला तासांनी भागल्यावर जो आकडा येईल तो त्याने स्वतः पाहावा. तुम्ही किंवा मामाने सांगितलेला आकडा त्याला टोमणा वाटेल, त्याच्या अक्षरातला आकडा तसा वाटणार नाही. कदाचित असेही दिसेल की दुपारचे आणि रात्रीचे जेवणाचे तास सोडले तर मधल्या वेळेत उन्हात थांबून काहीच पदरात पडत नाही. मग त्या वेळेत तो घरी विश्रांती घेईल किंवा एखादी परीक्षा देण्याची, टॅलीचे काम शिकण्याची तयारी करील. तीन महिन्यांची वही झाल्याशिवाय सोडण्या-न सोडण्याचा विषय काढू नका, असे मी सुचवीन.

अपघाताचे मात्र तीन महिने थांबण्यासारखे नाही, ते या आठवड्यात करा. त्याच्या दुचाकीच्या विम्याचा कागद उघडून ‘वापराच्या मर्यादा’ हा भाग वाचायला सांगा. खासगी दुचाकीच्या पॉलिसीत भाड्याने किंवा मोबदल्यासाठी वापर आणि मालाची वाहतूक हे सहसा वगळलेले असते. म्हणजे ऑर्डर पोहोचवताना अपघात झाला तर विमा कंपनी गाडीची भरपाई नाकारू शकते, आणि समोरच्याला इजा झाली असेल तर दिलेले पैसे गाडीमालकाकडून वसूल करण्याचा प्रयत्नही करू शकते. डिलिव्हरीच्या कामाला चालेल अशी पॉलिसी किंवा जोड विमा मिळेल का, हे विमा कंपनीला लेखी विचारावे आणि उत्तर जपून ठेवावे. त्याच्या डिलिव्हरी कंपनीने अपघात विमा दिला असेल, तर अ‍ॅपमधून त्याचे प्रमाणपत्र काढून ठेवावे आणि कामावर असणे म्हणजे नेमके काय धरले आहे ते वाचावे: लॉगिन केल्यापासून, की फक्त ऑर्डर हातात असताना? त्याच्या मनगटाच्या वेळी सगळे याच मुद्द्यावर अडले होते. परतीच्या रस्त्यावर घडलेला अपघात कामाचा नाही, हे मला मुळीच पटत नाही, कारण ऑर्डर द्यायला गेलेला माणूस तिथेच राहत नाही. पण पॉलिसीत तसे लिहिले असेल तर ते आधीच माहीत असलेले बरे. मित्राच्या आयडीवर गाडी चालवणे किंवा आपला आयडी दुसऱ्याला देणे त्याने कधीही करू नये, कारण अशा वेळी अपघात झाला तर दोघांनाही काही न मिळण्याची भीती असते.

शिवाय बँकेत जाऊन प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेचा अर्ज भरावा. वर्षाला 20 रुपये खात्यातून जातात आणि अपघाती मृत्यू किंवा कायमच्या पूर्ण अपंगत्वासाठी 2 लाख रुपयांचे संरक्षण मिळते. मोडलेल्या हाडासाठी त्यातून काही मिळत नाही, हे लक्षात असू द्या. केंद्र सरकारच्या ई-श्रम पोर्टलवर प्लॅटफॉर्म कामगार म्हणून नोंदणी करावी, तिला पैसे लागत नाहीत, आधारला जोडलेला मोबाइल क्रमांक हवा. या कामगारांना नोंदणीवर ओळखपत्र आणि आयुष्मान योजनेतून आरोग्य संरक्षण देण्याची घोषणा 2025-26 च्या केंद्रीय अर्थसंकल्पात झाली आहे. आणि देव न करो, पण पुन्हा रस्त्यावर काही झालेच तर पोलिसांना लगेच कळवावे आणि रुग्णालयात ‘रस्ता अपघातातल्या जखमींसाठीची कॅशलेस योजना’ असे नाव घेऊन विचारावे. 2025 पासून लागू असलेल्या या योजनेत नेमून दिलेल्या रुग्णालयांत अपघातापासून 7 दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांचे उपचार होऊ शकतात. घरातल्या सगळ्यांना हे पाठ असले पाहिजे, कारण त्या वेळी बोलण्याच्या अवस्थेत तो असेलच असे नाही.

आयडी पुन्हा बंद झाला तर त्याच्याकडे कागद असले पाहिजेत. रोजच्या कमाईचा, आठवड्याच्या सुरुवातीला दाखवलेल्या इन्सेंटिव्हच्या टप्प्यांचा आणि प्रत्येक तक्रारीचा स्क्रीनशॉट त्याने काढून ठेवावा, डबा दारात ठेवायला सांगितले तर फोटो घ्यावा, आणि सपोर्टला दिलेले उत्तर चॅटवरच न ठेवता ईमेलवरही पाठवावे. एवढे करूनही दाद मिळाली नाही, तर सोलापुरातल्या सहायक कामगार आयुक्तांच्या कार्यालयात लेखी अर्ज देऊन पोच घ्यावी. तिथे लगेच निकाल लागेल असे मी म्हणत नाही, पण अशा अर्जांची नोंद होत गेली तरच या शहरात हा प्रश्न आहे हे सरकारदरबारी दिसेल. जिल्हा न्यायालयाच्या आवारातल्या विधी सेवा प्राधिकरणातही विचारावे. ठरावीक उत्पन्नाच्या आतल्या लोकांना तिथे मोफत कायदेशीर सल्ला मिळतो, आणि तुम्हाला तर स्त्री म्हणून उत्पन्नाची अट न लावताही मिळतो.

शेवटी गाडीबद्दल. ताई, तुमच्या फंडाला हात लावू नका. त्या पैशांवर तुम्हाला व्याज मिळते आहे, बोटे थकल्यावर विड्या कमी होतील तेव्हा तुमच्याजवळ असणारी ती एकमेव रक्कम आहे, आणि तो आईचा कंजूषपणा ठरत नाही. मुलाला हे नीट समजावून सांगा की ज्या कामात आयडी एका तक्रारीवर बंद होतो, त्या कामाच्या भरवशावर घेतलेल्या गाडीचा हप्ता मात्र बंद होत नाही. दिवसाला 100 किलोमीटर आणि वर्षाचे 300 दिवस धरले, तर वर्षाला 30,000 किलोमीटर होतात. 36 महिन्यांचे हप्ते फिटेपर्यंत गाडी 90,000 किलोमीटर फिरलेली असेल आणि विकायला काढली तर हातात फारसे काही येणार नाही. तूर्त जुन्या गाडीचे इंजिन आणि टायर नीट करून घ्या, त्या दुरुस्तीला हवे तर घरखर्चातून मदत करा. तीन महिन्यांच्या वहीतून हप्ता सहज निघतो असे दिसले, तर त्याने स्वतःच्या नावावर, बँकेत व्याजदर विचारून, कमी मुदतीचे कर्ज घ्यावे आणि डिलिव्हरीला चालणारा विमा पहिल्या दिवसापासून काढावा. तोपर्यंत फंडाच्या अर्जावर सही करू नका.